दिवाळखोर राजाला पुन्हा कर्ज कोण देते?

१/ स्पेनचा दुसरा फिलिप (कारकीर्द १५५६–१५९८) हा आपल्या काळातील युरोपचा सर्वांत बलाढ्य राजा. अमेरिकेतील चांदी गलबतांतून सेव्हिलला येत होती. तरीही १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ अशी चार वेळा त्याने सावकारांची देणी थांबवली, आणि प्रत्येक वेळी त्याला पुन्हा कर्ज मिळाले! राजावर जप्ती आणणार कोण? मग हे सावकार खुळे होते काय?

२/ त्यांतले प्रमुख जिनोआचे. त्यांच्या करारास ‘आसिएन्तो’ म्हणत. चांदी येई ठरावीक हंगामात. फ्लँडर्समधील बंडाशी लढणाऱ्या फौजेला पगार मात्र सतत हवा. हे पेढीवाले आपल्याकडील हुंडीसारख्याच कागदांवर ती रक्कम अँटवर्पला पोचती करीत.

३/ सप्टेंबर १५७५. करार अन्यायकारक असल्याचे कारण देऊन फिलिपने देणी रोखली. जिनोआकरांचे उत्तर साधे होते : जुना हिशेब मिटेपर्यंत नवा पैसा नाही. फौजेचे पगार तुंबले. ४ नोव्हेंबर १५७६ रोजी चवताळलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटले, हजारो माणसे मारली. शहर फिलिपच्याच राज्यातले, हे विसरू नये. चारच दिवसांनी नेदरलँड्सचे प्रांत घेंट येथे या फौजेविरुद्ध एक झाले.

४/ खरे कोडे पुढे आहे. त्या अडचणीत एखाद्या सावकाराने गुपचूप कर्ज दिले असते, तर हवे ते व्याज मिळाले असते. मग एकी टिकली कशी? जेम्स कॉंकलिन यांनी हुंड्या अडवण्याच्या शिक्षेवर भर दिला. मॉरिसिओ ड्रेलिकमन आणि हान्स-योआकिम फोथ यांनी सिमांकासच्या दफ्तरातील करार तपासून वेगळी बाजू मांडली : ही घराणी एकमेकांच्या कर्जांत भागीदार होती. एकट्याने फुटून दिलेले कर्ज राजाने उद्या बुडवले, तर पाठीशी कोण उभे राहणार? माझ्या मते ही दोन उत्तरे परस्परविरोधी नाहीत. एकी नसती तर हुंड्या अडल्याच नसत्या.

५/ डिसेंबर १५७७ मध्ये तडजोड झाली. सावकारांना सरासरी सुमारे ३८ टक्के रकमेवर पाणी सोडावे लागले. तरी चांगल्या वर्षांतील चढे व्याज जमेस धरता बहुतेक घराणी अखेरीस फायद्यातच राहिली. बुडण्याचा धोका त्यांनी व्याजातच धरला होता.

६/ १५९६ मध्ये पुन्हा तेच घडले. तडजोड पुढच्याच वर्षी झाली. १५९८ मध्ये फिलिप वारला, पण जिनोआच्या पेढ्यांनी स्पेनला कर्ज देणे काही थांबवले नाही.