निळ्या पडद्याचा कंपायलर

बोरलँड या अमेरिकन कंपनीचा टर्बो सी १९८७ साली आला आणि टर्बो सी++ ची ३.० ही आवृत्ती १९९१ साली. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा ही आवृत्ती सात-आठ वर्षांची झाली होती. तरीही पूर्व विदर्भातल्या संगणक प्रयोगशाळांत पुढची कित्येक वर्षे सी शिकणे म्हणजे याच आवृत्तीचा निळा पडदा उघडणे, असा अर्थ राहिला.

सुरुवातीला त्याला सबळ कारण होते. संपादक, कंपायलर आणि चुका शोधण्याचे साधन एकाच ठिकाणी, तेही ६४० केबी मेमरीच्या मर्यादेत काम करणाऱ्या डॉसवर. आल्ट-एफ९ दाबले की कंपाइल, कंट्रोल-एफ९ दाबले की प्रोग्राम चालू. उत्तर क्षणभर दिसून नाहीसे होई, म्हणून शेवटी ‘गेट-सीएच’ ची ओळ टाकायची आणि आरंभी ‘क्लिअर-स्क्रीन’. या दोन्ही सोयी ‘कोनिओ’ या डॉसच्या संग्रहातल्या. सी भाषेच्या प्रमाण व्याख्येत त्या नाहीत. पण जर्नलमध्ये त्या भाषेचाच भाग असल्यासारख्या उतरल्या. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ विद्यार्थ्यांच्या हातोहात फिरे आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांतले प्रोग्राम टर्बो सीवर सहज चालत. बारावीच्या बायफोकल संगणक शास्त्रात ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या जोडीला सी++ होते. पुस्तक, जर्नल आणि प्रॅक्टिकलची परीक्षा एकमेकांना धरून असल्यामुळे यांपैकी एक बदलायचे तर तिन्ही बदलावे लागत. कंपायलर टिकला तो याच गुंत्यामुळे.

जग मात्र पुढे गेले होते. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले. त्यातले नेमस्पेस आणि प्रमाण टेम्प्लेट संग्रह टर्बोला ठाऊकच नव्हते. सर्वांत खोल परिणाम आकड्यांवर झाला. टर्बोचा ‘इंट’ १६ बिटांचा, म्हणजे वजा ३२७६८ ते ३२७६७ एवढाच. गोंदियासारख्या भाताच्या जिल्ह्यातला हिशेब घ्यावा : एका गोदामात धानाची २०००० पोती, दुसऱ्यात २००००. बेरीज ‘इंट’ मध्ये केली तर पडद्यावर वजा २५५३६ येते. कंपायलर तक्रार करत नाही. आजच्या जीसीसी या कंपायलरवर तोच ‘इंट’ बहुधा ३२ बिटांचा असतो आणि उत्तर ४०००० येते. विद्यार्थी टर्बोवर शिकलेली मर्यादा भाषेचीच मर्यादा समजू लागला, हे नुकसान जुन्या आज्ञा पाठ होण्यापेक्षा मोठे आहे.

पुढे ६४-बिट विंडोजने १६-बिट प्रोग्राम चालवणेच थांबवले. तेव्हा टर्बो सोडण्याऐवजी त्याला डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये बसवण्यात आले. बोरलँडने टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी++ १.०१ या आवृत्त्या संग्रहातल्या जुन्या वस्तू म्हणून फुकट खुल्या केल्या होत्या, पण प्रयोगशाळांत रुळलेली ३.० त्यांत नव्हती. शिक्षण संपवून नागपूर-पुण्याला गेलेल्या मुलाला जीसीसी पहिल्याच ओळीवर अडवी : ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ नावाची फाइल सापडत नाही. ‘व्हॉइड मेन’ लिहिले तर सी++ मध्ये तीही चूक. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी गाडी कित्येक दशके ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजवर धावे. तेव्हा मुंबई-हावडा ब्रॉडगेज मार्गावरचा माल जंक्शनवर उतरवून पुन्हा भरावा लागे. तशीच ही उतरवणी आणि भरणी; फरक इतकाच, की तिचा भार एकेका विद्यार्थ्यावर पडे.

जुना कंपायलर सर्वत्र टाकाऊ ठरत नाही. एखाद्या यंत्राचे नियंत्रण ज्या आवृत्तीवर तपासून मंजूर झाले, तिथे तीच आवृत्ती जपणे योग्य, कारण नवा कंपायलर त्याच ओळींतून वेगळा यंत्रसंकेत काढू शकतो. चालू, वाढत्या कामात मात्र तो अडसर होतो. लिनक्सच्या गाभ्यानेही २०२२ साली ५.१८ या आवृत्तीत १९८९ चे सी मागे टाकून सी११ स्वीकारले. शिकणारा विद्यार्थी वाढत्या कामाच्या बाजूचा आहे, म्हणून वर्गात टर्बो ठेवण्याचे समर्थन उरत नाही.

खर्चाची सबबही नाही. जीसीसी १९८७ पासून मोफत आहे आणि लिनक्सवर साध्या संगणकावरही चालते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातले सी आणि सी++ चे धडे जीसीसीवरच आधारलेले असून ते मराठीतही ऐकता येतात.