आर्थिक विपन्नता आणि पक्षनिष्ठा : चांदा वनप्रदेशातील लोकमताचा कल (१९५२–१९८०)

१. प्रश्नाचे स्वरूप

आर्थिक संकट आले की सत्तारूढ पक्षाचा जनाधार खचतो, हा सिद्धान्त राज्यशास्त्रात इतका रूढ झाला आहे की, स्थानिक इतिहासाच्या कसोटीवर तो घासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ आयर्लंडचे उदाहरण विशेष प्रसिद्ध आहे. फिआना फॉल हा पक्ष १९३२ पासून त्या देशाच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत प्रथम क्रमांकावर राहिला होता. सप्टेंबर २००८ मध्ये बुडू लागलेल्या बँकांच्या देण्यांची हमी शासनाने घेतली. नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्ज युरोंच्या साहाय्ययोजनेस मान्यता द्यावी लागली. आणि फेब्रुवारी २०११ च्या निवडणुकीत या पक्षाची मते २००७ मधील ४१.६ टक्क्यांवरून १७.४ टक्क्यांवर घसरली. त्याच्या पदरी अवघ्या २० जागा राहिल्या. फिने गेल पक्षाने ७६ व मजूर पक्षाने ३७ जागा मिळविल्या. संकट, रोष आणि एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे मतांचे संक्रमण, अशी ही सरळ साखळी आहे.

हीच साखळी पूर्व विदर्भातील चांदा जिल्ह्यास लावून पाहिली असता तिचे दुवे जुळत नाहीत. हा जिल्हा पुढे चंद्रपूर या नावाने ओळखला जाऊ लागला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच्या पूर्वेकडील वनभागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. या प्रदेशातील चांदा लोकसभा मतदारसंघाने १९५२ मध्ये मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली यांना व १९५७ मध्ये व्ही. एन. स्वामी यांना, म्हणजे दोन्ही वेळा काँग्रेसलाच निवडून दिले. १९६२ मध्ये मात्र तेथे लाल श्याम शाह हे अपक्ष उमेदवार विजयी झाले. १९६४ च्या पोटनिवडणुकीत ही जागा काँग्रेसच्या ताई कन्नमवार यांच्याकडे गेली. १९६७ मध्ये के. एम. कौशिक हे अपक्ष, १९७१ मध्ये काँग्रेसचे अब्दुल शफी, १९७७ मध्ये जनता पक्षाचे राजे विश्वेश्वरराव आणि १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे शांताराम पोटदुखे निवडून आले. अठरा वर्षांत सहा वेळा मतदान झाले आणि सहाही वेळा जागेने हात बदलला. या चंचलतेचे कारण महागाईत शोधावे की अन्यत्र, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

२. वनप्रदेशाची अर्थव्यवस्था व १९५१ चे परिवर्तन

जुन्या मध्यप्रांताच्या व्यवस्थेत चांदा जिल्ह्याचा पश्चिम व मध्य भाग मालगुजारांकडे होता, तर पूर्वेकडील घनदाट अरण्याचा मोठा भाग जमीनदाऱ्यांत विभागलेला होता. अहेरीची जमीनदारी त्यांतील सर्वांत विस्तीर्ण होय. या व्यवस्थेत वेठबिगार होती, भेट-नजराणे होते आणि सावकारीही होती. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि गावकऱ्यास सरपण, बांबू, मोहफुले, चराई व घरबांधणीचे लाकूड जवळच्या जंगलातून मिळविण्याचा जो निस्तार हक्क होता, तो गावच्या वाजिब-उल-अर्जात नोंदलेला असे. धानाच्या शेतीस पाणी पुरविणारे तलाव व बोड्या यांच्या दुरुस्तीची जबाबदारीही गावातीलच कोणावर तरी असे.

मध्यप्रदेश शासनाने १९५० मध्ये संमत केलेला मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. कुळांच्या दृष्टीने तो निःसंशय पुरोगामी होता. परंतु जमिनीबरोबरच जंगले व तलावही शासनाकडे गेले. मालगुजार हटला, त्याच्या जागी जंगल खाते व पाटबंधारे खाते आले. पूर्वी ज्याच्याशी भांडता येत असे असा मालक गावात होता. आता मालक जिल्ह्याच्या ठिकाणी होता आणि गावात त्याचा नाकेदार तेवढा दिसत असे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. म्हणजे दहा वर्षांच्या आत राजधानी नागपूरहून मुंबईस गेली.

येथील आर्थिक विपन्नतेचे वेगळेपण या परिवर्तनात आहे. शहरातील मतदाराच्या दृष्टीने शासन हे किमतींचे नियामक असते. धान्य महागले तर तो शासनास अकार्यक्षम ठरवितो. चांद्याच्या वनभागातील मतदाराच्या दृष्टीने शासन हे प्रथमतः जंगलाचे मालक होते. त्याचे संकट बाजारभावातून जितके उद्भवत होते, त्याहून अधिक ते हक्काच्या अनिश्चिततेतून उद्भवत होते. बाजारातील संकट येते आणि ओसरते. हक्काचे संकट वर्षानुवर्षे चालू राहते.

३. १९६२ ते १९६४ : महागाईपूर्वीचा पराभव

१९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसची स्थिती अत्यंत भक्कम होती. लोकसभेच्या ४४ पैकी ४१ व विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा तिने जिंकल्या. चांदा हा लोकसभेच्या त्या मोजक्या अपवादांपैकी एक होता. देशव्यापी अन्नटंचाई तेव्हा अद्याप दूर होती. चीनचे आक्रमणही त्याच वर्षाच्या उत्तरार्धातील. तात्पर्य, काँग्रेसचा येथील पहिला पराभव हा महागाईच्या आधीचा आहे.

विजयी उमेदवाराची ओळख या दृष्टीने उद्बोधक आहे. लाल श्याम शाह हे पानाबारस जमीनदारीचे गोंड वारस. ही जमीनदारी मूळची चांदा जिल्ह्यातीलच. विसाव्या शतकाच्या आरंभी ती दुर्ग जिल्ह्यास जोडण्यात आली आणि राज्यपुनर्रचनेनंतर मध्यप्रदेशात राहिली. प्रशासनाच्या नकाशावर जे दुसऱ्या राज्यातील गृहस्थ होते, त्यांना चांद्याच्या मतदारांनी आपले प्रतिनिधी म्हणून स्वीकारले. सीमेच्या दोन्ही बाजूंस गोंडी बोलली जात होती आणि दोन्ही बाजूंच्या गावांस जंगल खात्याशी एकाच प्रकारचे गाऱ्हाणे होते.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला चांदा जिल्ह्याचेच मारोतराव कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. ज्या जिल्ह्याने राज्यास काँग्रेसचा मुख्यमंत्री दिला, त्याच जिल्ह्याने त्याच वर्षी काँग्रेसचा लोकसभा उमेदवार नाकारला, ही वस्तुस्थिती पक्षनिष्ठेच्या भाषेत सांगता येत नाही. येथे पक्षापेक्षा व्यक्तीचे मोल अधिक होते.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचे दंडकारण्य व त्यालगतच्या आदिवासी भूमीत पुनर्वसन करण्याच्या धोरणाविरुद्ध लाल श्याम शाह यांनी १९६४ मध्ये लोकसभा सदस्यत्वाचा राजीनामा दिला. हा प्रश्नही अखेर जमिनीचा व जंगलाचाच होता. निर्वासितांची दैन्यावस्था खरी होती आणि आदिवासींची भीतीही निराधार नव्हती. दोन विपन्न समाजांना एकाच अरण्याच्या आश्रयास लावण्यात आले होते. रिक्त झालेल्या जागेवर काँग्रेसच्या ताई कन्नमवार विजयी झाल्या. कन्नमवार यांचे २४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच निधन झाले होते. या पार्श्वभूमीवर काँग्रेसचा हा विजयदेखील पक्षाइतकाच एका व्यक्तीच्या स्मृतीचा विजय होता, असे म्हणण्यास जागा आहे.

४. १९६५ ते १९६७ : दुष्काळ व दुसरा पराभव

१९६५-६६ च्या अवर्षणाने देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ८९ दशलक्ष टनांवरून ७२ दशलक्ष टनांवर आले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला. १९६७ मध्ये लोकसभेतील काँग्रेसच्या जागा ३६१ वरून २८३ वर उतरल्या आणि अनेक राज्यांत तिची सत्ता गेली. हा काळ रूढ सिद्धान्तास सर्वांत अनुकूल आहे.

परंतु महाराष्ट्रात या संकटाचा राजकीय परिणाम सौम्य होता. लोकसभेच्या ४५ पैकी ३७ व विधानसभेच्या २७० पैकी २०३ जागा काँग्रेसकडे राहिल्या. सहकारी संस्था, जिल्हा परिषदा आणि स्थानिक नेतृत्वाचे जाळे यांनी पक्षास सावरले. चांद्याच्या वनभागात हे जाळे विरळ होते. साखर कारखान्याभोवती जशी पक्षाची माणसे उभी राहतात, तशी तेंदूपत्त्याच्या फळीवर उभी राहत नाहीत. तेथे ठेकेदार, मुनीम व मजूर असतात आणि हंगाम संपताच फळी मोडते. शिवाय धान पिकविणाऱ्यास अवर्षणाचा फटका दुहेरी बसला. एकीकडे तलावांकडे दुर्लक्ष झाल्याने पाण्याचा आधार कमी झालेला, आणि दुसरीकडे शासकीय एकाधिकार खरेदीमुळे वाढत्या बाजारभावाचा लाभही हातून गेलेला.

अशा स्थितीत १९६७ मध्ये चांद्याची जागा पुन्हा काँग्रेसकडून गेली. मात्र ती प्रजासमाजवादी, साम्यवादी किंवा जनसंघ यांपैकी कोणाकडेही न जाता पुन्हा एका अपक्षाकडे गेली. दुष्काळाने असंतोष तीव्र केला असेल. त्यास नवा पक्ष मात्र त्याने दिला नाही.

५. १९७१ ते १९८० : लाटा आणि त्यांची मर्यादा

१९७१, १९७७ व १९८० चे निकाल देशव्यापी प्रवाहाशी मिळतेजुळते आहेत, हे मान्य केले पाहिजे. पहिल्यात इंदिरा गांधींच्या नेतृत्वाचा, दुसऱ्यात आणीबाणीविरुद्धच्या रोषाचा व तिसऱ्यात जनता पक्षाच्या विघटनाचा वाटा उघड आहे. तरीही १९७७ चा निकाल बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसने २० व जनता पक्षाने १९ जागा जिंकल्या, आणि विदर्भाचा बहुतेक भाग काँग्रेसबरोबर राहिला. चांद्याच्या शेजारच्या चिमूर मतदारसंघानेही काँग्रेसच निवडली. १९७३-७४ ची भाववाढ दोन्हीकडे सारखीच पोहोचली होती आणि आणीबाणीही दोन्हीकडे होती. चांद्यात जनता पक्षाचे उमेदवार अहेरी संस्थानाचे राजे विश्वेश्वरराव होते, हा या दोहोंतील ठळक भेद होय.

या दशकात वनप्रदेशातील शासनाचा आर्थिक व्याप अधिकच वाढला होता. १९६९ च्या कायद्याने वनोपजाचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला, १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले. जंगलाचा मालक आता खरेदीदार व मजुरी देणाराही झाला. त्याच्याशी घासाघीस करण्यास वजनदार मध्यस्थ हवा होता, आणि जुन्या घराण्यांपाशी ते वजन शिल्लक होते.

६. आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आदिवासींनी राजांना मते दिली ती केवळ परंपरागत राजनिष्ठेमुळे. हे मत विचारांती टिकत नाही. मतदारसंघातील बहुसंख्य मतदार पानाबारसची रयत कधीच नव्हते. शिवाय निष्ठा हेच एकमेव कारण असते, तर १९६४, १९७१ व १९८० मध्ये ती निष्ठा कोठे गेली, याचे उत्तर मिळत नाही. ज्या मतदारास ‘भोळा’ म्हणून बाजूस सारण्यात येते, त्याने उपलब्ध पर्यायांतून आपले गाऱ्हाणे वर नेऊ शकेल अशी व्यक्ती निवडली, हे अधिक सयुक्तिक अनुमान आहे.

दुसरा आक्षेप स्वतंत्र विदर्भाच्या भावनेचा. १९६२ मध्ये नागपुरातून लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून विजयी झाले, हे लक्षात घेता या भावनेचा वाटा नाकारता येत नाही. पण १९६७ मध्ये नागपूर काँग्रेसकडे परतले आणि चांदा परतले नाही. म्हणून हे कारण आवश्यक असले तरी पुरेसे नाही.

तिसरा आक्षेप असा की, जिल्ह्यात पक्षीय राजकारण रुजतच नव्हते. तेही खरे नाही. चिमूर येथील १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावाने काँग्रेसच्या मुळांची खोली दाखविली होती. आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत चांदा येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध समाजात रिपब्लिकन पक्षाच्या रूपाने संघटित मत उभे राहिले. जेथे चळवळीने माणसे जोडली, तेथे पक्ष रुजला. निस्ताराच्या प्रश्नावर मात्र कोणत्याही पक्षाने अशी दीर्घ चळवळ उभी केली नाही.

७. निष्कर्ष

विरोधाचे मत येथे एकाच पात्रात दोनदा साठले नाही. १९६२ मध्ये ते एका अपक्षाकडे, १९६७ मध्ये दुसऱ्या अपक्षाकडे आणि १९७७ मध्ये जनता पक्षाकडे गेले. आणि प्रत्येक वेळी पुढच्याच मतदानात जागा काँग्रेसकडे परतली. आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी प्रमाणशीर पद्धतीने निवडले जातात, त्यामुळे रोषाचे विभाजन जागांत उमटते. चांद्याच्या एकसदस्य मतदारसंघात ते उमटत नाही, हा भेद लक्षात ठेवावाच लागेल. तथापि मूळ अंतर निवडणूक पद्धतीचे नाही. तेथील संकट शासनाच्या कारभाराचे होते, म्हणून मतदाराने कारभारी बदलले. येथील संकट शासनाच्या मालकीचे होते, आणि ही मालकी कोणताही पक्ष सोडावयास तयार नव्हता. म्हणून मतदाराने मध्यस्थ बदलून पाहिले.

व्यक्तीचे हे माहात्म्य चंद्रपुरात अद्याप सरलेले नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील ४८ पैकी काँग्रेसला मिळालेली एकमेव जागा चंद्रपूरची होती, आणि तेथील विजयी उमेदवार बाळू धानोरकर निवडणुकीच्या तोंडावर शिवसेनेतून आले होते. गडचिरोलीत मात्र एक नवी गोष्ट घडली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले व २०११ पासून तेथील ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली; पुढे इतर अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्ता व बांबू यांचे व्यवहार हाती घेतले. १९५१ मध्ये गावाबाहेर गेलेली मालकी अंशतः गावात परतली आहे. प्रस्तुत प्रतिपादन बरोबर असेल, तर अशा गावांतून मध्यस्थाची गरज ओसरावी आणि मत धोरणाकडे पाहून दिले जावे. वनहक्क मिळालेल्या व न मिळालेल्या गावांतील मतदानकेंद्रनिहाय आकड्यांची तुलना केल्यास या अनुमानाची परीक्षा होऊ शकेल. आणि ती व्हावयास हवी, कारण या प्रदेशातील मतदारास विवेकी नागरिक मानावयाचे की आश्रित, हा प्रश्न तिच्यावर अवलंबून आहे.