सायकलीचा सांगाडा आणि वजनदार स्वार



“माझें वजन शंभर किलोंच्या वर आहे, कोणत्या धातूची सायकल मला पेलेल?” ही शंका सायकलीच्या दुकानांत शिरणाऱ्या पुष्कळांच्या मनांत असते. कांहींजण संकोचानें ती बोलून दाखवीत नाहींत, आणि डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम तसाच राहून जातो. या शंकेचें उत्तर सायकलीच्या दोनशें वर्षांच्या इतिहासांत सांपडतें.

इ. स. १८१७ मध्यें जर्मनींतील मानहाइम शहरीं कार्ल फॉन द्राइस यानें दोन चाकांची जी गाडी चालविली, तिचा सांगाडा लांकडाचा होता. तिला पायडल नव्हतें. पायांनीं जमीन मागें रेटीत जावयाचें. १८६० नंतर पॅरिस येथें मिशो याच्या कारखान्यांत पायडलच्या गाड्या होऊं लागल्या व लांकडाची जागा लोखंडानें घेतली. त्या गाड्या मजबूत खऱ्या. पण इतक्या जड आणि हिसके देणाऱ्या, कीं इंग्रजांनीं त्यांना ‘हाडें खिळखिळीं करणारी’ असेंच नांव ठेविलें. जड तें बळकट ही त्या काळची समजूत अजून पुरती गेलेली नाहीं.

ती समजूत मोडली पोकळ नळीनें. १८८५ मध्यें कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें मागचें चाक सांखळीनें फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल काढली. त्याच सुमारास जर्मनींत मानेस्मान बंधूंनीं जोड नसलेली पोलादी नळी करण्याची रीत शोधली. शाळेंत मी हें तत्त्व कागदानें समजावून देत असें. सपाट कागद पुस्तकाच्या भारानें लगेच वांकतो. त्याचीच सुरळी करून उभी केली, तर ती पुस्तक तोलून धरते. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतें, पण ताठपणा आठपट होतो.

१८९७ मध्यें बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनीं टोकांना जाड व मध्यें पातळ अशा नळीचें पेटंट घेतलें. कारण ताण सांध्यांपाशीं एकवटतो. १९३५ मध्यें मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेलें रेनॉल्ड्सचें ‘५३१’ पोलाद आलें. अशा मिश्रणानें पोलाद तुटण्यास कठीण होतें, पण त्याचा ताठपणा वाढत नाहीं. महाग नळी पातळ करतां येते म्हणून ती हलकी होते, आणि पातळ झाल्यामुळेंच जड स्वाराखालीं अधिक लवते.

अ‍ॅल्युमिनियमचें वजन पोलादाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकें, आणि ताठपणाहि तितकाच. म्हणून अमेरिकेंत नळ्या रुंद करण्यांत आल्या, तेव्हां हा धातु खरा उपयोगी पडला; कॅननडेलची १९८३ ची सायकल हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. मात्र पोलाद एका मर्यादेच्या आंतील ताण अगणित वेळां सोसतें, तर अ‍ॅल्युमिनियम प्रत्येक हिसक्यानें किंचित् थकतें. तेथें धातूची काटकसर चालत नाहीं. टिटॅनियम गंजत नाहीं, पण महाग. कार्बनची बळकटी धागे कोणत्या दिशेनें व किती थरांत बसविले यावर असते. त्याला आडवा मार बसला, तर आंतली इजा वरून दिसेलच असें नाहीं.

तात्पर्य, भार धातूचें नांव पेलीत नाहीं. नळीची रुंदी, जाडी व सांधे पेलतात. आणि त्यांच्याइतकींच चाकें! जुन्या इंग्रजी पद्धतीच्या सायकलीला पुढें ३२ व मागें ४० आरे असत, कारण स्वाराचा अधिक भार मागच्या चाकावर येतो. तीच घडण आपल्याकडे आली, आणि तिच्यावरूनच गवळ्यांनीं घरोघर दूध पोंचविलें. म्हणून वजनदार गृहस्थांनीं कारखान्यानें लेखी दिलेली भारमर्यादा प्रथम पहावी. तींत सामान धरलें आहे कीं नाहीं तें विचारावें. मग मागच्या चाकाचे आरे मोजावेत, टायर रुंद घ्यावेत. शर्यतीसाठीं अत्यंत हलकी केलेली सायकल, ती कोणत्याहि द्रव्याची असो, सोडून द्यावी. एवढें पाहिल्यावर साधें पोलाद किंवा रुंद नळ्यांचें अ‍ॅल्युमिनियम, दोन्ही चालतील.

शंभर किलोंचा भार सायकलीला नवा नाहीं. गवळी आणि त्याचें दूध मिळून तो सहज होत असे. संकोच सोडून दुकानांत जावें.