चरकसंहितेंतील परिचारक

परिचर्येच्या शिक्षणाचा इतिहास लिहितांना बहुधा १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवें निघालेल्या शाळेपासून आरंभ करितात. आमच्याकडील अभिमानी लेखक त्यास उत्तर म्हणून चरकाचें नांव पुढें करितात. तें करण्यापूर्वीं मूळ ग्रंथ काय म्हणतो हें पाहिलें पाहिजे.

सूत्रस्थानाच्या ९ व्या अध्यायांत वैद्य, द्रव्य, परिचारक व रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. परिचारकाचे गुणहि चारच: उपचारज्ञता, दाक्ष्य, भर्त्याच्या ठायीं अनुराग आणि शौच. सुश्रुतास परिचारक स्निग्ध, किळस न मानणारा, बलवान्, वैद्याच्या आज्ञेंत वागणारा व न थकणारा असा हवा. शल्यतंत्राच्या ग्रंथांत बळाची अपेक्षा असणें साहजिकच आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत चरकाचे तीन गुण ठेवून उपचारज्ञतेच्या जागीं बुद्धिमत्ता घातली. हा भेद केवळ छंदाच्या सोयीचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. बुद्धि उपजत असूं शकते, उपचारज्ञता शिकावीच लागते. मात्र ती कोठें शिकावी याविषयीं ह्या अध्यायांत अक्षर नाहीं. तेव्हां एवढ्यावरून विद्यालयाची कल्पना उभी करणें साहसाचें होय.

‘भर्ता’ हा शब्दहि सूचक आहे. १५ व्या अध्यायांतील ज्या गृहास हल्लीं सर्रास ‘रुग्णालय’ म्हणतात, तें राजा, राजतुल्य पुरुष किंवा विपुल द्रव्य असलेला गृहस्थ यांच्या वमनविरेचनासाठीं सिद्ध करावयाचें आहे. तेथें वरणभात रांधणारे, स्नान घालणारे, अंग रगडणारे, रोग्यास उठविणारे व निजविणारे, औषधें वाटणारे असे सेवक सांगितले आहेत. इतकेंच नव्हे, तर गाणारे आणि इतिहासपुराणें जाणणारेहि. (आमच्या वर्गाची सोय इतक्या पूर्वीं झालेली पाहून संतोष वाटतो!) दरिद्री मनुष्यानें ही सामग्री न जमवितांहि औषध घ्यावें, असें ग्रंथकारच पुढें सांगतो.

१० व्या अध्यायांत ‘याप्य’ रोगांचें लक्षण आहे: पथ्यानें थोडें सुख लाभतें, अल्प कारणानें रोग पुन्हा उसळतो. आजच्या हृद्रोग्यांची व मधुमेह्यांची स्थिति बहुतांशीं हीच आहे. परंतु वरील सेवकवर्ग शोधनाच्या थोड्या दिवसांपुरता जमविलेला. याप्य रोग्याजवळ वर्षानुवर्षें कोणीं बसावें, हें त्या यादीवरून कळत नाहीं. शारीरस्थानाच्या ८ व्या अध्यायांत सूतिकागारीं अनेकवार प्रसूत झालेल्या, प्रेमळ व प्रसंगज्ञ स्त्रिया असाव्यात असें म्हटलें आहे. तेथें अनुभव हीच पात्रता. उपचारज्ञताहि घरोघर अशाच रीतीनें, आणि बहुधा स्त्रियांच्या हातून, पुढें आली असावी असा आमचा तर्क आहे.

तर्कास पुरावा पाहिजे. ज्या संग्राहकांजवळ वैद्यघराण्यांचीं मोडी दप्तरें असतील, त्यांनीं केवळ औषधांच्या याद्या न पाहतां रोग्याजवळ ठेविलेल्या माणसांच्या वेतनाच्या नोंदी आढळतात कीं काय, हें तपासून मंडळास कळवावें. चरकाच्या जुन्या पोथ्यांत ‘उपचारज्ञता’ या स्थळीं पाठभेद असल्यास तोहि उतरून पाठवावा.