कलदार, हाली आणि सोनपेठचा कापूस

नाण्यांची नावे व्यवहारातून गेली, तरी त्यांतील इतिहास शब्दांत उरतो. ‘हाली’ म्हणजे चालू. ‘कलदार’ म्हणजे कलेवर, अर्थात यंत्रावर, पाडलेला. निजामी रुपयास पहिले नाव होते, इंग्रजी रुपयास दुसरे. १९०४ च्या सुमारास चारमिनारची मुद्रा असलेला हाली रुपयाही यंत्रावर निघू लागला; तथापि ‘कलदार’ हे नाव इंग्रजी नाण्याकडेच राहिले.

परभणी जिल्ह्यातील सोनपेठचा परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या काळ्या जमिनीतील कापूस मुंबईस जाई व तेथून परदेशी निघे. म्हणजे त्याच्या किमतीस दोन हुंडणावळी ओलांडाव्या लागत : प्रथम पौंडाचे कलदार, मग कलदाराचे हाली. दुसरी हुंडणावळ साधारणतः सहा कलदारांस सात हाली अशी राखली जाई.

पहिलीचा भाव १९१४ पूर्वी रुपयास १ शिलिंग ४ पेन्स होता. १९२७ च्या कायद्याने तो १ शिलिंग ६ पेन्स ठरला. पूर्वी एका पौंडाच्या कापसाचे १५ कलदार, म्हणजे साडेसतरा हाली होत. आता १३⅓ कलदार, म्हणजे सुमारे १५ रुपये ९ आणे हाली होऊ लागले. परदेशातील भाव न हलताही नवमांश उत्पन्न गेले. सारा मात्र ठरलेल्या हाली रुपयांतच भरावयाचा होता. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी हिल्टन यंग आयोगात याच कारणास्तव भिन्नमत नोंदविले. मालाचे व मजुरीचे भाव कालांतराने जुळून येतील, ही प्रतिपक्षाची भूमिका. पण सारा व सावकाराचे देणे यांस ती लागू पडत नव्हती.

येथे एक प्रश्न उद्भवतो. स्वतःचे नाणे असलेल्या संस्थानास ही झीज भरून काढता आली असती काय? गणिताने १०० कलदारांस सव्वाएकशे एकतीस हाली हा भाव ठेवला असता, तर शेतकऱ्याच्या हाती पूर्वीइतकेच हाली रुपये आले असते. परंतु मग बाहेरून येणारे मीठ व कापडही महागले असते. संस्थानाने स्थैर्य पसंत केले. परिणामी, ज्या कायद्यात हैदराबादच्या रयतेचा शब्द नव्हता, त्याचा भार तिच्यावर पडला.

१९५९ मध्ये हाली चलन रद्द झाले आणि दुसरी हुंडणावळ इतिहासजमा झाली. पहिली आज डॉलरच्या रूपाने उभी आहे. रुपया उतरला की निर्यातीस लाभ होतो, हे सूत्र खरे. तो लाभ शेताच्या बांधापर्यंत किती पोहोचतो, याचे उत्तर मात्र देणी कोणत्या नाण्यात व केव्हा फेडावयाची आहेत, यावरच अवलंबून राहते.