24 फेब्रुवारी 2021 : भाव गोठले, बाजार थांबला

कंपनीच्या नेटवर्कवर थेट व्हिडिओ शेकडो पडद्यांवर दाखवायचा तर प्रत्येकासाठी वेगळी प्रत पाठवत नाहीत. एकच प्रवाह सोडला जातो आणि ज्याला हवा तो तिथूनच घेतो. ही मल्टिकास्टची पद्धत. राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, भावांचा प्रवाहही दलालांना असाच पाठवतो. व्हिडिओ अडला तर वेळ जातो, भाव अडला तर पैसे जातात.

सकाळी 9.15
बाजार उघडला. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, फ्युचर्स-ऑप्शन्सच्या मासिक सौद्यांची मुदत संपणार होती. कोरोनाच्या निर्बंधांमुळे सर्वसामान्यांना तेव्हा मुंबईच्या लोकलची मुभा सकाळी 7 पर्यंत, दुपारी 12 ते 4 आणि रात्री 9 नंतर. त्यामुळे वसई-विरारमधून सौदे करणाऱ्याचा बाजार म्हणजे घरचं ब्रॉडबँड आणि हातातला मोबाइल.

10 नंतर
निफ्टी, बँक निफ्टी या एनएसईच्या निर्देशांकांचे आकडे गोठले. सौदे मात्र चालूच. निर्देशांक कुठे आहे हे न कळता त्यावर पैसे लागत होते.

11.40
एनएसईने व्यवहार थांबवायला सुरुवात केली. दोन दूरसंचार कंपन्यांच्या लिंक होत्या आणि दोघींनीही बिघाड कळवला होता. माहीम-शीव रस्त्यावरचं खोदकाम हे लिंक डळमळण्याचं मुख्य कारण, असं एनएसईने पुढे सांगितलं. त्यात डेटा साठवणारी यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालली नाही आणि जोखीम तपासणारी प्रणाली बंद पडली. तिच्याविना सौदे घेता येत नाहीत.

दुपारी 12 ते 3
पर्यायी केंद्र चेन्नईत होतं, पण बाजार तिकडे हलवला नाही. दुसरा शेअर बाजार, बीएसई, चालू होता. एनएसई आज पुन्हा उघडणार की नाही, याचं ठाम उत्तर कोणाकडेच नव्हतं.

3 नंतर
बाजार साडेतीनला संपतो, म्हणून अनेक दलालांनी ग्राहकांचे इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी मिटवायचे, सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाने मिटवले. त्यानंतर एनएसईची घोषणा आली : 3.45 ला पुन्हा सुरुवात, 5 पर्यंत व्यवहार. ज्यांचे सौदे आधीच कापले गेले होते, त्यांना ती उपयोगाची नव्हती.

सायंकाळी 5
बीएसईचा सेन्सेक्स हजाराहून अधिक अंकांनी वर बंद झाला.

22 मार्च 2021 ला बाजार नियामक सेबीने नियम कडक केला : बिघाड झाल्यापासून 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. जून 2023 मध्ये एनएसई आणि त्याच्या क्लिअरिंग कंपनीने मिळून सुमारे 72.64 कोटी रुपये भरून प्रकरण मिटवलं.

खोदकामाने केबल बिघडणं आपल्याकडे नवं नाही. खरं नुकसान केलं ते निर्णयाला लागलेल्या वेळाने आणि त्या वेळात पाळलेल्या मौनाने. तुमच्या कार्यालयात दोन कंपन्यांचं इंटरनेट असेल तर एवढं आजच विचारा : दोन्ही केबल एकाच रस्त्याखालून येतात का, आणि दोन्ही गेल्या तर निर्णय कोण घेणार?