दुर्बीण आणि कॅमेरा

दुर्बिणीनें दूरचें जवळ आणलें; परंतु दिसलेलें जपून ठेवण्याचें सामर्थ्य तिला नव्हतें. निरीक्षकाला हातानेंच आकृति काढावी लागे. १८३९ सालीं दागेरची छायाचित्रणपद्धति जाहीर झाली, आणि पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें जॉन विल्यम ड्रेपर यांनीं चंद्राचें छायाचित्र घेतलें. १७ जुलै १८५० रोजीं हार्वर्ड वेधशाळेंत बाँड व व्हिपल यांनीं पंधरा इंची दुर्बिणींतून अभिजित् ताऱ्याची प्रतिमा मिळविली. सूर्यावांचून अन्य ताऱ्याचें तें पहिलें छायाचित्र होय.

वेधशाळांत बहुधा नेत्रभिंग काढून तेथें संवेदनशील पट्टी ठेवीत. १९९९ च्या सुमारास मलेशियांतील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनीं निराळा मार्ग धरला. नेत्रभिंग तसेंच ठेवून त्यांनीं त्याला डिजिटल कॅमेरा लावला. या रीतीस पुढें ‘डिजिस्कोपिंग’ हें नांव पडलें. आज कॅमेऱ्याच्या जागीं अनेकजण स्मार्टफोन जोडतात.

यांतील मर्म सोपें आहे. नेत्रभिंगांतून समांतर किरण बाहेर पडतात. डोळ्याप्रमाणेंच फोनचें भिंग ते एकत्र आणतें. मात्र ही किरणशलाका बारीक असते. आठपट मोठें दाखविणाऱ्या ४२ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणींत तिची जाडी सव्वापांच मिलिमीटर भरते. फोन किंचित् सरकला कीं चित्राच्या कडा काळ्या पडतात. म्हणून त्यास घट्ट धरणारी चौकट लागते.

एके काळीं दुर्मिळ पक्ष्याची खात्री पटविण्यासाठीं तो मारून आणीत. आतां पुरावाहि मिळतो आणि पक्षीहि उडून जातो.